विनिपेगचं एक वर्ष, दोन आज्या आणि 'बोर्डिंग' हा एकच शब्द : सल्ला हवा आहे

सेवंती, इंदूर | ६ जुलै, रात्री १०:१५

सर्वांना नमस्कार आणि सलाम.

मी इंदूरची. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजी अशी वाढले. पणजोबा नगर जिल्ह्यातून इकडे नोकरीला आले आणि इथलेच झाले. सध्या जबलपूरला बी.डी. (ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी) करते आहे. तिसरं वर्ष संपल्यावर एका वर्षाची इंटर्नशिप मिळाली, कॅनडातल्या विनिपेगला, युनायटेड चर्चच्या एका मंडळीत, म्हणजे तिथल्या एका स्थानिक चर्चमध्ये. मे महिन्यात परत आले.

ऑगस्टमध्ये आमच्या चर्चमध्ये मला अर्धा तास साक्ष द्यायची आहे, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा आहे. कमिटीतल्या एका काकांनी मला लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकवलंय. ते मायेनेच म्हणाले, "बेटा, अच्छी-अच्छी बातें बताना, लोग खुश हो जाएँ." तिथेच माझं अडलंय. इथे वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या घरांतले लोक आहेत, म्हणून आधी सगळं सांगते आणि मग विचारते. लांबेल, सांभाळून घ्या.

इंदूरचं कॅनडाशी जुनं नातं आहे. १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे पहिले मिशनरी इथे आले. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या आणि त्यांनी बायकांवर उपचार सुरू केले. घरातली बाई आजारी पडली तर परक्या पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही, असा तो काळ. १८८७ मध्ये क्रिश्चन कॉलेज निघालं. किशोरकुमार तिथलाच विद्यार्थी, हे इंदुरात पोहेवालासुद्धा सांगतो. पुढे १९२५ मध्ये तिकडचे मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन एकत्र आले, त्यांचं युनायटेड चर्च ऑफ कॅनडा झालं, आणि इथलं काम त्यांच्याकडे गेलं.

माझी आजी (वडिलांची आई) या मिशनच्या एका बोर्डिंगमध्ये शिकली. १९५३ मध्ये सात वर्षांची होती, तेव्हा तिला तिथे ठेवलं. आमच्या घरात 'बोर्डिंग' हा शब्द देवाच्या नावासारखा घेतात. बोर्डिंगमुळे आजी शिकली, नर्स झाली, तिने चार भावंडांना शिकवलं. तिची पत्र्याची पेटी अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात १७ आकडा आहे, तो तिचा नंबर. त्यात आता तांदूळ असतात. दर दिवाळीला आणि नाताळाला आजी स्वतः ती पेटी पुसते, कुणाला हात लावू देत नाही.

हे सगळं मनात घेऊन मी विनिपेगला गेले. आपल्या माहेरी चाललेय असंच वाटत होतं.

ती मंडळी छोटी. रविवारी चाळीसेक माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. दगडी इमारत मोठी, हीटरचं बिल त्याहून मोठं. माझं काम म्हणजे रविवारच्या उपासनेत मदत, आजारी लोकांच्या भेटी, आणि गुरुवारी तळघरात फूड बँक. गरजू लोक येतात, त्यांना आठवड्याचा शिधा द्यायचा. इंटर्नशिपमध्ये जे काही शिकले ते त्या तळघरात.

तिथे एक आजी मदतीला यायच्या. क्री या कॅनडातल्या आदिवासी समाजाच्या. सगळे त्यांना 'कोकम' म्हणायचे. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं तर कळलं, क्री भाषेत आजीला असंच म्हणतात. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे कोकम म्हणजे एक आंबट फळ, आम्ही ते वाळवून आमटीत घालतो. पुढच्या गुरुवारी आईने दिलेल्या पुडीतली दोन आमसुलं घेऊन गेले. त्यांनी एक तोंडात टाकलं, डोळे गच्च मिटले, पण थुंकलं नाही. गालात धरून तासभर पिशव्या भरत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "माझ्या नावाचं फळ फार कडक आहे. मला आवडलं." त्या दिवसापासून आम्ही दोघी एकाच टेबलावर.

ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी आम्ही ओट्सच्या मोठ्या पोत्यातून छोट्या पिशव्या भरत होतो. त्यांनी माझ्या घरच्यांबद्दल विचारलं. मी उत्साहाने सांगू लागले. तुमच्याच चर्चच्या लोकांनी आमच्याकडे बोर्डिंग काढलं, माझी आजी सात वर्षांची असताना तिथे गेली, तिला नंबर होता, तिथेच ती घडली, आम्ही कॅनडाचे फार ऋणी आहोत. हे सगळं मी हसत हसत सांगत होते. कोकमच्या हातातली पिशवी अर्धी भरली होती. त्यांनी तिला गाठ मारली. सिंकवर गेल्या, हात धुतले, खूप वेळ धुतले. कोट घातला आणि निघून गेल्या.

संध्याकाळी आमच्या पाळकबाईंनी मला बसवून सांगितलं. कॅनडात आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा होत्या. सरकारने काढलेल्या, चर्चने चालवलेल्या. कॅथलिक, अँग्लिकन, आणि आमच्याही. दीड लाखाहून जास्त मुलं त्यांत गेली. घरची भाषा बोललं की शिक्षा, केस कापायचे, नाव बाजूला आणि नंबर पुढे. किती मुलं परतलीच नाहीत. शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. कोकम तशाच एका शाळेत होत्या. वय सात. साल साधारण तेच.

मी ३० सप्टेंबरला शहरभर नारिंगी शर्ट घातलेली माणसं पाहिली होती. ती त्या मुलांची आठवण. मला सांगितलंही होतं, मी मान डोलावली होती. पण आजीची पेटी आणि हे एकाच शब्दात येईल हे सुचलं नव्हतं.

दोन गुरुवार कोकम आल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आल्या, सोबत फडक्यात गुंडाळलेला बॅनक. जाड भाकरीसारखा असतो, तव्यावर किंवा तळून करतात. म्हणाल्या, "आता तुझ्या आजीचं सगळं सांग. पहिल्यापासून." मी घाबरत घाबरत सांगितलं. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यातलं एवढंच इथे लिहिते, कारण एवढ्याचीच परवानगी घेतली आहे : त्यांची बहीण त्याच शाळेत होती. जेवणाच्या खोलीत दोघी समोरासमोरच्या टेबलांवर बसायच्या, पण बोलायची सोय नव्हती. आपापल्या भाषेत बोलू नये म्हणून भावंडांना वेगळं ठेवायचे. त्यांचा नंबरही त्यांनी मला सांगितला. तो मी इथे लिहीत नाही.

नाताळाच्या आधी मी आजीला व्हिडिओ कॉल लावला. विनिपेगला सकाळचे नऊ, इंदुरात रात्रीचे साडेआठ. मध्ये मी दुभाषी. आजीने पेटी दाखवली. कोकम बराच वेळ तो १७ आकडा बघत होत्या. मग विचारलं, "तुम्हाला घरी जायला मिळायचं?" आजी म्हणाली, "नाताळात आणि मे महिन्यात. वडील बैलगाडी घेऊन यायचे, मी फाटकावर उभी असायचे." कोकम म्हणाल्या, "माझे वडील कुंपणाबाहेर येऊन थांबायचे. त्यांना आत घेत नव्हते." मी हे आजीला मराठीत सांगितलं. आजी एरवी सगळ्याला उत्तर देते, तिला एकदम बोलता आलं नाही. मग एवढंच विचारलं, "तिला विचार, तिची बोली तिला अजून येते का?" कोकम म्हणाल्या, चाळिशीनंतर पुन्हा शिकले, अजून शिकतेय.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी दोघींचा कॉल. अजून चालू आहे.

आता माझा प्रश्न. आमच्या चर्चमध्ये माझ्या आजीसारख्या बोर्डिंगमध्ये शिकलेल्या बाया पहिल्या दोन बाकांवर बसतात. त्यांच्यासमोर मी हे सांगू का? सांगितलं तर त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट मी डागाळते असं होईल का? नाही सांगितलं तर कोकमचा हात सोडल्यासारखं होईल. मला मनापासून सल्ला हवा आहे.

पोहेप्रेमी, इंदूर | ६ जुलै, रात्री ११:०२

दोनदा वाचलं. माझं घर क्रिश्चन कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर, आणि ते कॅनडाच्या लोकांनी काढलं हे मला आज कळलं. ओट्सच्या पिशवीला मारलेली ती गाठ डोळ्यासमोरून जात नाही.

ताई, आमच्या आईची फर्माईश : तिथल्या थंडीबद्दलही लिहा.

दांडिया_बझार, बडोदा | ७ जुलै, सकाळी ८:४०

सेवंती, फार मनापासून लिहिलंस. मी बडोद्याचा, त्यामुळे परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी म्हटलं की मला पहिल्यांदा बाबासाहेब आठवतात.

१९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना भेटले. पारशी तरुण, वेगळा धर्म, वेगळी सांपत्तिक स्थिती, पण ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे अडचणीच्या काळात भथेनांनी पैशाचीही मदत केली. न्यूयॉर्कमध्ये हे जमलं. आणि १९१७ मध्ये तोच माणूस बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आला तर आमच्या गावात त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखतात. मी दर वर्षी मुलांना घेऊन जातो.

हे सांगायचं कारण, तुझी परीक्षा विनिपेगला नव्हती, ती आता इंदुरात आहे. तिकडे कोकमशी मैत्री करताना तुला कुणी अडवलं नाही. आता आपल्या माणसांसमोर ती मैत्री उभी करायची आहे, तेव्हा पाय लटपटणारच. माझ्या मते सांग. आमच्या शहरातही ही गोष्ट कितीतरी वर्षं मोठ्याने सांगत नव्हते. ज्या दिवसापासून सांगायला लागलो, त्या दिवसापासून बडोदा मला जास्त आपलं वाटतं.

विचारी_मन, पुणे | ७ जुलै, सकाळी ११:२०

लेख प्रामाणिक आहे म्हणून मीही प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. तिकडे मुलांची भाषा तोडणारे आणि इकडे शाळा काढणारे एकाच चर्चचे लोक. मग इकडचं काम चांगलं आणि तिकडचं वाईट, असं कसं? हेतू दोन्हीकडे धर्मांतराचाच होता ना? तुमच्या आजींना फायदा झाला, आनंद आहे. पण कोकमच्या बाजूने पाहिल्यावर तुम्हाला स्वतःच्या आजींच्या बोर्डिंगकडेही वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटलं नाही का?

सेवंती, इंदूर | ७ जुलै, रात्री ९:३०

विचारी_मन, राग अजिबात नाही. हा प्रश्न मी स्वतःला वर्षभर विचारला.

हेतूबद्दल म्हणाल तर हो, त्यांना लोक ख्रिस्ती व्हावेत असंच वाटत होतं, ते त्यांनी कधी लपवलं नाही. मी श्रद्धेने ख्रिस्ती आहे, तेव्हा मला त्याची लाजही नाही. पण दोन्हीकडे घडलं ते वेगळं, आणि मला कळलं तसं त्याचं कारण मिशनरींच्या स्वभावात कमी आणि त्यांच्या हातातल्या सत्तेत जास्त आहे. कॅनडात १८७६ मध्ये इंडियन ॲक्ट आला. आदिवासींनी कुठे राहायचं, कुणाला आदिवासी म्हणायचं, सगळं सरकार ठरवू लागलं. १९२० मध्ये कायद्याने मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं केलं. आईवडिलांनी नाही म्हणायची सोय संपली. त्या लोकांची जमीन हवी होती, म्हणून त्यांची मुलं 'सुधारायची' होती. चर्चने त्या कामाला हात दिला.

इंडियन ॲक्टच्या पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, त्याच देशातून इंदूरला आलेला मिशनरी इथे पाहुणा होता. होळकर दरबाराने सुरुवातीला शहरात प्रचाराला अडथळाही केला. माझ्या पणजोबांनी आजीला बोर्डिंगमधून घरी आणायचं ठरवलं असतं तर त्यांना कुणी अडवू शकलं नसतं. मिससाहेबांनाच हिंदी शिकावी लागली. पोरींनी ढोलकीवर भजनं म्हटली. 'नाही' म्हणायची मुभा इथे होती, तिथे नव्हती. मला तरी सगळा फरक यातच दिसतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. मी परत आल्यावर आजीला पहिल्यांदा विचारलं, "तुला तिथे रडू यायचं का?" पंचवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आजी म्हणाली, "पहिलं वर्षभर रोज रात्री." मग पुन्हा भाजी निवडायला लागली. कोकम भेटल्या नसत्या तर मी हा प्रश्न विचारला नसता.

नगरी_काका, अहमदनगर | ८ जुलै, दुपारी ४:१०

बाळ सेवंती, सलाम. मी निवृत्त शिक्षक, तीन पिढ्यांचा मराठी ख्रिस्ती. माझी आईही मिशनच्या बोर्डिंगची.

आई कृतज्ञ होती, शेवटपर्यंत. पण तिचं मूळचं नाव मला ती गेल्यावर तिच्या मावशीकडून कळलं. बोर्डिंगमध्ये दाखल करताना बदललं होतं. मारून नाही, जबरदस्तीने नाही, 'हे जास्त चांगलं नाव' म्हणून. आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिला वाईट वाटलं होतं की नाही हे मला आता कधीच कळणार नाही. म्हणून सांगतो, पहिल्या दोन बाकांवरच्या त्या बायांना तू दुखावशील असं धरून चालू नकोस. त्यांच्याजवळही काही असेल, कुणी विचारलं नसेल.

दुसरं. आपल्या पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे (ख्रिस्ती जोगिणींकडे) राहिल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं यात शंका नाही. तरी रमाबाई अंडं घातलेलं पुडिंगही खात नव्हत्या, आणि क्रूसावर लॅटिन शब्द का, ते संस्कृतात का नकोत, म्हणून पत्रातून भांडल्या. सिस्टरना ते हट्टाचं वाटलं. रमाबाईंचं म्हणणं, लॅटिन आपल्या मायबहिणींना कुठे कळतं. त्या ख्रिस्ताला मानत होत्या, पण मिंध्या झाल्या नाहीत. मैत्रीही तुटू दिली नाही, म्हणणंही सोडलं नाही. आपल्या घरातलंच हे उदाहरण आहे, ते तुझ्या साक्षीत घे.

आणि 'साक्ष' हा शब्दच बघ. चर्चमध्ये देतो ती साक्ष आणि कचेरीत शपथेवर देतो तीही साक्ष. पाहिलं ते सांगायचं. अच्छी-अच्छी निवडून सांगितली तर कोर्ट ती धरत नाही.

कॅलगरीकर | ९ जुलै, पहाटे ५:५५

नगरी_काका, शेवटच्या परिच्छेदाला +१.

मी मूळचा इंदूरच्या रामबागेतला, कॅनडात चौदा वर्षं. खरं सांगतो, पहिली सहा-सात वर्षं मला यातलं काही माहीत नव्हतं. आपण येतो, नोकरी, घर, गणपती, मराठी मंडळ. ज्या जमिनीवर घर घेतो ती कुणाची होती हे विचारत नाही. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली शेवटची, चौऱ्याण्णवावी, नागरिकत्वाच्या शपथेबद्दल होती : नवीन नागरिकाने आदिवासींशी झालेल्या करारांचा मान राखण्याची शपथ घ्यावी. २०२१ पासून शपथेत आदिवासींच्या हक्कांचा आणि करारांचा उल्लेख आला. माझ्या बायकोने ती नवीन शपथ घेतली, मी जुनी घेतली होती. घरी येऊन तिने मला विचारलं, "करार म्हणजे कुठले?" मला सांगता आलं नाही. तिथून वाचायला सुरुवात केली.

सेवंती, तुझ्या चर्चने माफी मागितली आहे ना? त्याबद्दल लिही.

सेवंती, इंदूर | ९ जुलै, रात्री १०:४५

हो दादा, दोनदा.

पहिली १९८६ मध्ये, सडबरी गावात. आदिवासी मंडळ्यांनीच ती मागितली होती. चर्चच्या प्रमुखांनी म्हटलं त्याचा भावार्थ असा : तुमच्याकडे आमच्या आधीपासून देवाची ओळख होती, ती आम्ही ऐकून घेतली नाही. आमची संस्कृती म्हणजेच सुवार्ता असं समजून ती तुमच्यावर लादली. त्यात तुम्ही गमावलं आणि आम्हीही. दुसरी माफी १९९८ मध्ये, खास निवासी शाळांसाठी.

मला सगळ्यात विचारात पाडलं ते पुढचं. १९८६ च्या माफीनंतर आदिवासी वडीलधाऱ्यांनी ती 'मिळाली' असं म्हटलं, 'स्वीकारली' असं म्हटलं नाही. तिथे दगडांचा एक ढीग रचला आहे, तो मुद्दाम अपुरा ठेवलाय. शब्दांप्रमाणे वागणं दिसेल तसं काम पुढे जाईल, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे माफी मागितली की समोरच्याने 'जाऊ दे' म्हणायचंच असतं. तिथे तसं नाही.

त्यामुळे दर रविवारी उपासनेच्या सुरुवातीला आधी सांगतात : ही जमीन आदिवासींशी झालेल्या १८७१ च्या पहिल्या कराराची, मेटी लोकांचीही (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाचीही) ही मायभूमी, आणि आपण पितो ते पाणी शोल लेकचं. विनिपेगला ते पाणी कालव्यातून येतं, १९१९ पासून. ते आणताना शोल लेक ४० या आदिवासी वस्तीची जमीन तोडली आणि ती माणसं बेटावर अडकली. शहर स्वच्छ पाणी पीत राहिलं आणि तलावाकाठच्या लोकांना १९९७ पासून २०२१ पर्यंत, चोवीस वर्षं, पाणी उकळून प्यावं लागलं. सुरुवातीला मला हे रविवारी सकाळी ऐकायला जड जायचं. नंतर पाण्याचा पेला उचलताना आपोआप आठवायला लागलं.

निमाडी, खंडवा | १० जुलै, सकाळी ९:१५

पाण्याचं वाचून राहवलं नाही. आमची आत्या हरसूदची. २००४ मध्ये इंदिरा सागर धरणात गाव बुडालं. स्वतःच्या हातांनी घर मोडून विटा ट्रॉलीत भरल्या होत्या तिने. आम्हाला दिवाबत्ती मिळते ना, तेव्हा कुणी हरसूदचं नाव घेत नाही. निदान रविवारी कुणी नाव घेतं, हेही कमी नाही. सेवंती, सांगच.

ग्वाल्हेरकर | १० जुलै, दुपारी १:३०

गंभीर चर्चा चालली आहे, ती चालू दे. मी जरा बाकीचं विचारतो. माझी नात पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाते आहे, तिची आजी काळजीत आहे. तुझे बाकी मित्रमैत्रिणी कोण? एकटं वाटलं का? जेवणाखाण्याचं काय?

सेवंती, इंदूर | १० जुलै, रात्री ९:०५

आजोबा, एकटं वाटलं, नोव्हेंबरमध्ये सगळ्यात जास्त. दुपारी साडेचारला अंधार. उणे तीसच्या खाली गेलं की नाकातले केस आत ओढलेल्या श्वासाने कडक होतात. प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर लोंबत असते. रात्री इंजिन गरम राहावं म्हणून गाडी प्लगला लावतात. मला वाटलं सगळ्या गाड्या विजेवरच्या. (पोहेप्रेमी, आईंना हे वाचून दाखवा.)

माझ्याबरोबर एक कोरियन मुलगा इंटर्न होता. त्याच्याशी मैत्री लोणच्यावरून झाली. त्याने किमची काढली, मी कैरीचं लोणचं काढलं, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. तो पहाटे पाचला उठून प्रार्थना करायचा, त्याच्या देशात मंडळीच्या मंडळ्या पहाटे जमतात. मी सुरुवातीला कुरकुरत गेले, मग सवय लागली. आम्ही दोघं अजून रविवारी एकमेकांना भजनाचा आवाज पाठवतो. त्याला कळत नाही, मलाही कळत नाही, तरी ऐकतो.

एका फिलिपिनो ताईंनी मला पहिल्या बर्फात स्वतःचे जुने बूट दिले. रविवारी चर्चनंतर मला हक्काने घरी न्यायच्या. घरात शिरताना आपल्यासारख्याच चपला बाहेर, आणि भात असल्याशिवाय जेवण नाही.

नातीला एकच सांगा, जेवायला कुणी बोलावलं तर जावं आणि जाताना काहीतरी करून न्यावं. माझ्या साध्या पोह्यांनी तिथे जेवढं काम केलं तेवढं माझ्या प्रवचनांनी केलं नाही. शेव इंदूरची होती, हे अर्थात त्याचं खरं कारण.

नगरी_काका, तुमच्या आईंच्या नावाचं वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. आजीला विचारणार आहे, तिचं नाव तिचंच आहे का.

सेवंती, इंदूर | १९ ऑगस्ट, रात्री ११:२०

धागा वर काढते. काल साक्ष झाली.

आदल्या रात्री आजीजवळ बसून तिला सगळं वाचून दाखवलं. वाटलं होतं, ती म्हणेल अमुक काढून टाक. तिने एकच बदल सुचवला. मी लिहिलं होतं, 'माझी आजी भाग्यवान होती.' ती म्हणाली, "भाग्यवान नको लिहूस. माझे वडील फाटकातून आत येऊ शकत होते, तसं लिही." तिचं नाव तिचंच आहे. पण तिच्या शेजारच्या पलंगावरच्या मुलीचं बदललं होतं, आणि रात्री दिवा गेला की आजी तिला जुन्याच नावाने हाक मारायची.

हिंदीतून बोलले, अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली. पहिली वीस मिनिटं डॉ. बीटी, कॉलेज, आजीची पेटी. लोक खूश होते. मग ओट्सची पिशवी. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, एक गृहस्थ उठून बाहेर गेले. मी पहिल्या दोन बाकांकडे बघायचं टाळत होते. आजीने मला खुणेने मान वर करायला लावली.

नंतर चहाच्या वेळी पहिल्या बाकावरच्या एक वृद्ध बाई, माझ्या लहानपणापासून चर्चची वेदी फुलांनी सजवणाऱ्या, माझा हात धरून कोपऱ्यात घेऊन गेल्या. त्यांनी मला त्यांच्या भिलाली बोलीतलं एक गाणं म्हणून दाखवलं, हळू, दोनच ओळी. म्हणाल्या, बोर्डिंगमध्ये कुणी बंदी केली नव्हती, पण मुली हसायच्या, म्हणून सोडून दिलं. सत्तर वर्षांनी आज म्हटलं. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाते आहे. सोबत वही नेणार आहे.

कमिटीतले काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्याने मला फार वाईट वाटलं, अजून वाटतंय. आज संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "वो जो पत्थरों का ढेर है, अधूरा वाला, उसका फोटो है क्या तेरे पास?" माझ्याकडे नाही. मी सडबरीला गेलेच नाही. कोरियन मित्राकडे मागितला आहे, तो तिकडे जाऊन आलाय.

कोकमना रात्री सगळं सांगितलं. त्या ऐकून घेतात आणि शेवटी 'एकोसी' म्हणतात, म्हणजे झालं, एवढंच. काल तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, त्या फुलं लावणाऱ्या बाईचं गाणं मला ऐकव.

कॅलगरीकर | २० ऑगस्ट, सकाळी ६:३०

डिसेंबरमध्ये इंदूरला येतोय. काही पाठवायचं असेल तर दे, कॅलगरीहून विनिपेगला पोस्टाने मी पाठवेन.

सेवंती, इंदूर | २० ऑगस्ट, रात्री ८:५०

दादा, आजीने आत्ताच आमसुलाची पुडी बांधायला घेतली आहे. वर देवनागरीत मोठ्या अक्षरांत 'कोकम' लिहिलंय. मी विचारलं, हे पुडीत काय आहे त्याचं नाव की कुणाला द्यायचं त्याचं? म्हणाली, दोन्ही, आणि डिसेंबरपर्यंत हवा लागू नये म्हणून पुडी १७ नंबरच्या पेटीत, तांदळात ठेवून दिली.